नाचणी घेऊन कोलकात्याला

दादाचा फोन आला तेव्हा मी गच्चीत मोड आलेली नाचणी चादरीवर पसरत होते. माझा हा थोरला भाऊ सहसा फोन करत नाही. केलाच तर कुणाचा तरी पत्ता विचारायला. या वेळी मात्र म्हणाला, "निमे, ये ना इकडे. खजुराचा नवा गूळ सुरू झालाय. तुझ्या ब्लॉगलाही होईल." आणि फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखं, येताना काय काय आणायचं ते सांगितलं. नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पीठ, हातसडीचे तांदूळ, मेतकूट, जवसाची चटणी, आमसुलं.

जुन्या वाचकांना दादा माहीत आहे. मी इथे ज्याला 'आमचे मैदासम्राट' म्हणत आले तो हाच. रेल्वेत नोकरी, गावोगाव बदल्या, सकाळी चहात बुडवून बिस्किटांचा अर्धा पुडा आणि रात्री उशिरा हाका नूडल्स. मी पाकिटातलं खाणं सोडलं, घरी जातं आणलं, दिवसातला पहिला वेळ स्वयंपाकाला आणि उरलेला बाकीच्या जगाला असं ठरवून टाकलं, तेव्हापासून तो मला 'गवतवाली' म्हणतो. तोच आता कुळीथ मागत होता. मला आभाळ ठेंगणं झालं. निघायच्या आधी मी इथे 'मैदासम्राट शरण आले' अशी चार ओळींची पोस्टही टाकली. तिच्याखाली तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलंय, पुढे काय झालं, गूळ मिळाला का, दादांना नाचणी मानवली का. हे सगळं त्याचंच उत्तर आहे. मला ते लिहायला जड जातंय, पण पोस्ट मी टाकली होती, तेव्हा लिहिणंही मलाच भाग आहे.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. पुण्याहून कोलकात्याला थेट विमान आहे. हिवाळ्यात तिकिटं लवकर काढा, कारण नाताळच्या सुमाराला अख्खा बंगाल घरी चाललेला असतो. पिठं हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या बॅगेत दुहेरी पिशव्यांमध्ये घाला. माझ्या हातातल्या डब्यातलं मेतकूट तपासणीच्या बाईंनी हुंगून बघितलं आणि हे तोंडाला लावायचं की खायचं असं हिंदीत विचारलं. मी त्यांना खायला लावणार होते, पण मागे रांग होती.

दादा राहतो गार्डन रीचला. विमानतळापासून ते म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. गाडीला सात-आठशे रुपये पडतात. बायपासवरून, मग उड्डाणपुलांवरून, आणि खिदिरपूर आलं की पूल संपून खरं शहर सुरू होतं. कंटेनरचे ट्रक, त्यांच्या पोटाखालून निघाल्यासारख्या ऑटो, फुटपाथवर संत्र्यांचे डोंगर. दादाचं रेल्वेचं क्वार्टर मात्र शांत आहे. उंच छत, जाड भिंती, पुढे लांबलचक व्हरांडा, आणि रस्त्याच्या शेवटी नदी. अधूनमधून जहाजाचा भोंगा ऐकू येतो आणि खिडकीची तावदानं थोडी थरथरतात.

दार दादानेच उघडलं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती आणि चपलेच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंनी पाय वर आले होते. वजन कमी केलंस वाटतं, असं मी म्हणाले, कौतुकाने. त्याने माझी बॅगच उघडायला घेतली. एकेक डबा काढून त्याचं झाकण उघडायचा, नाकाशी न्यायचा आणि टेबलावर ओळीत ठेवायचा. कुळथाच्या पिठाचा वास घेताना त्याने डोळे मिटले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डब्यांकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, दमली असेल.

जेवायला बसलो. माझ्या ताटात वरण, भात, फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा, गाजराची कोशिंबीर. दादाच्या ताटात पांढरा भात, दुधीचा रंग गेलेला लगदा आणि बाजूला पाण्याची एक लहानशी वाटी. पेला नव्हता. मला राहवलं नाही. या ब्लॉगवर मी सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर भाजी उकळलेलं पाणी ओतून देऊ नका, सगळं सत्त्व त्यात असतं, ते आमटीत घाला. म्हणून मी चेष्टेने विचारलं, की वहिनी, या दुधीचं पाणी कुठे गेलं?

"टाकायला काढलंय," वहिनी म्हणाली.

मग काय, माझी गाडी सुटली. क्षार, जीवनसत्त्वं, आपल्या आज्या, सगळं काढलं. माझी भाची जुई ताटात बघत भात कालवत राहिली. दादा मात्र माझ्याकडे बघून हसत होता, आणि माझं संपल्यावर वहिनीकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना?" त्या दोन शब्दांत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

ते वहिनीने भांडी आवरताना सांगितलं. दादाची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत. रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला होता, त्याने कधी मनावर घेतलं नाही. आता डायलिसिस लागणार, आणि त्यासाठी आधी हातावर एक छोटं ऑपरेशन करावं लागतं, शीर तयार करून ठेवायला. त्याची तारीख मिळाली, दादाने पुढे ढकलली. पुन्हा मिळाली, पुन्हा ढकलली. निमा येऊ दे, मग ठरवू, एवढंच बोलतो. रात्री चष्मा लावून मोबाईलवर माझा ब्लॉग वाचतो. नाचणी, कुळीथ, खरं अन्न खाल्लं की सगळं रुळावर येईल, सुया टोचून घ्यायची गरज नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं आहे.

मला आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. "फोनवर काय सांगायचं गं असलं?" ती म्हणाली. आमच्या घराण्याची ही रीतच आहे. आजारपण, नोकरी जाणं, मुलीचं मोडलेलं लग्न, सगळं समोरासमोर सांगायचं. फोनवर फक्त 'बरे आहोत'. मीही आजवर तेच करत आले, त्यामुळे मला रागावताही येईना.

मग तिने जेवणाचं सांगितलं. प्रत्येक भाजी बारीक चिरायची, पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी टाकायचं, मग भरपूर पाण्यात उकळायची आणि तेही पाणी टाकायचं. भाज्यांमधले क्षार त्याच्या अंगातून बाहेर पडत नाहीत, साठतात, आणि एके दिवशी हृदयच थांबवू शकतात. पालेभाज्या बंद. डाळ नावाला. पाणीही मोजून. नाचणी, कुळीथ, हातसडीचा तांदूळ, सुकामेवा, शहाळं, गूळ, सगळं बंद. चालतं काय, तर पॉलिशचा पांढरा भात, साखर, आणि सकाळी मैद्याचा पाव. आयुष्यभर मी जे खा म्हणाले ते त्याला विष होतं, आणि ज्याच्या नावाने बोटं मोडली ते त्याचं पथ्य. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"तुझं तो ऐकेल," वहिनी म्हणाली. "माझं सांगून संपलं."

एवढं बोलून तिने दुधीचं गार झालेलं पाणी पातेल्यासकट उचललं, व्हरांड्यात नेलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. मी इतका माजलेला कढीपत्ता कुंडीत कधी पाहिला नाही. माझ्या उंचीचा, काळपट हिरवा, बुडाशी चार-पाच पिल्लं फुटलेली. दादा आरामखुर्चीत बसून बघत होता.

"या घरात सगळ्यात सकस कोण जेवत असेल, तर हा," तो म्हणाला.

सकाळी मी वहिनीबरोबर बाजारात गेले. वाचकहो, हिवाळ्यात कोलकात्याला गेलात तर एक सकाळ कुठल्याही साध्या बाजारासाठी ठेवा. आपल्याकडे पालक-मेथीवर गाडी थांबते. तिथे लाल माठाच्या जुड्या, मायाळूचे वेल, मोहरीचा पाला, मुळ्याचा पाला, केळफुलं, केळीच्या खांबाचे पांढरेशुभ्र गाभे, ओल्या चिखलासकट कमळाचे देठ, आणि गोंधोराज नावाचं एक लिंबू, ज्याला नुसतं नख लावलं तरी शेजारचं गिऱ्हाईक वळून बघतं. सगळं स्वस्त आणि ताजं. एरवी मी तिथे वेडी झाले असते. पण मी केळफुलाला हात लावला की वहिनी मान हलवायची. माठ? नाही. कमळाचा देठ? नाही. शेवटी मी विचारणंच सोडलं. तिने एक दुधी, दोन पडवळं आणि एक कोबीचा गड्डा घेतला, आणि त्या हिरव्या ढिगांमधून आम्ही एवढंसं ओझं घेऊन परत आलो. पानं चालतात का बघू म्हणून मी गोंधोराज लिंबाची मूठभर पानं मागून घेतली. भाजीवाल्याने ती फुकट दिली.

शनिवारी जुईने मला न्यू टाउनला नेलं. तिचं ऑफिस तिकडेच आहे, आणि जवळच सुट्टीच्या दिवशी नैसर्गिक शेतमालाचा बाजार भरतो. गार्डन रीचहून गाडीने गेलात तर तास-दीड तास धरा आणि पोटभर खाऊन निघा. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, आणि मधल्या हिरवळीवर तागाची कापडं टाकलेली टेबलं. ढेकीत, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी उखळात, कांडलेले तांदूळ होते, काळे तांदूळ, घाण्याचं मोहरीचं तेल, सुंदरबनातला मध. भाव आपल्या पुण्यातल्या अशा बाजारांसारखेच, म्हणजे पिशवी हातात घेऊन पुन्हा खाली ठेवायला लावणारे. माल मात्र चांगला होता, ढेकीचे तांदूळ मी एरवी घेतलेच असते.

एका टेबलापाशी एक माणूस हिंदीत विचारत होता, आईला किडनीचा त्रास आहे, काय देऊ? टेबलामागची बाई माझ्याच वयाची, माझ्यासारखीच हातमागाची साडी, माझ्यासारखाच चष्मा. ती जराही न अडखळता म्हणाली की औषधं शरीर बिघडवतात, खरं अन्न द्या, शरीर स्वतःच दुरुस्त होतं. आणि तिने त्याच्या हातात कसल्या तरी पाल्याची पावडर ठेवली. वाक्य अगदी माझं. मी मराठीत लिहिते, ती हिंदीत बोलत होती, एवढाच फरक. मी पुढे होऊन त्या माणसाला म्हणाले की आधी डॉक्टरांना विचारा, हे चालणार नाही कदाचित. त्याने माझ्याकडे, मग त्या बाईकडे पाहिलं, आणि पावडर पिशवीत टाकली. तिचं बोलणं ऐकायला बरं वाटत होतं, माझं नव्हतं.

परतताना गाडीत जुई बोलायला लागली. ती पाचवीपासून इकडे आहे, मराठी घरातच बोलते, शब्द शोधत शोधत. म्हणाली, "आत्या, बाबाला तू 'नाही' बोल ना. आई बोलली की तो चिडतो. मी बोलली की रडतो."

आणि पलीकडे दादा. तो रोज सकाळी मला विचारायचा, मग केव्हा सुरू करायचं? वहिनीने माझे सगळे डबे कपाटावर चढवून ठेवले होते. तो खुर्चीतून त्यांच्याकडे बघायचा. एका घरात तीन माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली आणि मी मूग गिळून. मी गुळाच्या गावाचं, जयनगरचं, कारण पुढे केलं. आधी गूळ बघून येऊ, मग बोलू, असं म्हणाले.

जयनगर दक्षिणेला आहे. सियालदाहून लोकल जाते, स्वस्त आणि सोयीची. आम्ही दादाच्या पायांमुळे गाडी ठरवली. खजुराचा ताजा रस प्यायचा तर उजाडता उजाडता पोचावं लागतं, ऊन चढलं की तो आंबतो. टॉलीगंज, गरिया, मग बारुईपूर. तिथे रस्त्याकडेला पेरूंच्या टोपल्या लागायला सुरुवात होते, थांबा आणि घ्या. पुढे धुकं इतकं होतं की ड्रायव्हर काच खाली करून मान बाहेर काढून बघत होता. दादाच्या मांडीवर त्याची पाण्याची छोटी बाटली होती. दिवसभराचं पाणी तेवढंच. तो झाकणात ओतायचा, तोंडात घोळवायचा आणि मग गिळायचा. मधेच लहान असल्यासारखा आम्ही विहिरीवर कसे पोहायचो ते सांगत होता, पाणी नाकातोंडात जायचं ते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

गावाबाहेर एका गल्लीच्या टोकाला खजुराची झाडं, प्रत्येकाच्या गळ्याशी मडकं बांधलेलं. खाली मोठ्या उथळ कढईत रस आटत होता, वाळक्या पानांचा जाळ, आणि अख्ख्या अंगणात असा वास की भूक नसलेल्यालाही लागावी. मी फोटो काढायला वाकले आणि कढईमागे साखरेचं पोतं दिसलं. तोंड उघडं, आत मापटं खुपसलेलं. मी गूळवाल्याला विचारलं. तो लाजला नाही, लपवलंही नाही.

"चिनी ना दिले जमे ना, दीदी," तो म्हणाला. साखर घातल्याशिवाय ढेप घट्टच होत नाही, आणि शहरातल्या गिऱ्हाईकाला ढेपच हवी असते, तीही स्वस्तात. पातळ गूळ निखळ असतो, पण तो टिकत नाही आणि त्याला कोणी विचारत नाही. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पातळच मागा, समोर आटलेला घ्या, आणि काचेच्या बरणीतून न्या.

"साखर तर मला चालते की," दादा म्हणाला आणि हसला. मग त्याने रस मागितला.

गूळवाल्याच्या बायकोने मडक्यातून स्टीलचा पेला भरून दिला. रस गढूळ पांढरा होता आणि पेल्याला बाहेरून दव धरलं होतं. दादाने तो दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही. आम्ही एका आडव्या खोडावर बसलो.

"निमे, तू सांग. तू म्हणशील तसं मी करेन," तो म्हणाला. "पण नीट विचार करून सांग. हे सगळं मी मनापासून सुरू केलं, नाचणी, कुळीथ, फळं, बाहेरचं काही नाही. सहा महिने. तर?"

मी पायापाशी पडलेलं वाळकं पान उचलून मोडायला लागले.

"तूच लिहिलंयस. शरीराला खरं अन्न द्या, ते स्वतःला दुरुस्त करतं."

लिहिलंय. ते आजही तिथेच आहे, खाली गेलात तर सापडेल. चाळिशीत रक्तदाब सुरू झाला तेव्हा कुणी त्याच्या ताटातून पाव काढून भाकरी ठेवली असती, तर कदाचित त्याला अर्थ होता. पण मी तेव्हा काय झालं असतं याचा विचार करत बसले, तोवर तो पेला त्याच्या हातात तसाच होता. तो इतक्या आशेने बघत होता की मला वाटलं, एवढा एक पेला पिऊ द्यावा आणि घरी जाऊन काय ते सांगावं. पण एका पेल्याला हो म्हटलं असतं तर त्याने ते सगळ्यालाच हो धरलं असतं, हे मला माहीत होतं. लहानपणापासून त्याचं असंच आहे.

"दादा, हे अन्न आता तुझ्यासाठी नाही," मी म्हणाले. "ऑपरेशन करून घे."

"बस? एवढंच?"

"मला एवढंच कळतं."

त्याने मान हलवली. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, आणि तेच मला सोसेना. चिडला असता, गवतवाली म्हणाला असता, तरी चाललं असतं. तो थोडा वेळ झाडावरच्या मडक्यांकडे बघत राहिला. मग पेला माझ्यासमोर धरला.

"मग तू पी. गार आहे तोवर."

मी नको म्हणाले. तो हात मागे घेईना. मी प्याले. पूर्ण पेला, त्याच्या डोळ्यांदेखत. तो बघत होता, आणि माझ्याबरोबर त्याच्याही गळ्याची घाटी खालीवर होत होती. कसा लागतो, त्याने विचारलं. मी सांगितलं, गोड, आणि थोडा धुरकट. खोटं सांगता आलं असतं, पण त्याला ते ओळखू आलं असतं. तितकं चांगलं काही मी आजवर प्यायलेले नाही, आणि पुन्हा कधी तो रस मी तोंडाला लावणार नाही.

येताना त्याने वहिनीसाठी आणि जुईसाठी जयनगरचे मोये घेतले, म्हणजे नव्या गुळात वळलेले सुवासिक लाह्यांचे मऊ लाडू. ते गावातूनच घ्या, कोलकात्यात मिळणाऱ्यांना ती चव नाही. गाडीत तो डोळे मिटून बसला. घरी पोचल्यावर वहिनीला एवढंच म्हणाला की ते कपाटावरचे डबे काढून ठेव, निमा परत घेऊन जाईल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याचा स्वयंपाक मी केला. वहिनी शेजारी उभी राहून दाखवत होती. पडवळ चिरलं, भिजवलं, पाणी टाकलं, उकळलं, पुन्हा पाणी टाकलं. प्रत्येक वेळी माझा हात पातेल्याच्या कडेशी अडखळत होता. इतकी वर्षं मी हेच करू नका म्हणून ओरडत आले. मग नावाला तेल, जिरं, आणि गोंधोराजची दोन पानं, वासापुरती, नंतर काढून टाकायची. पानांचं वहिनीने आधी दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना विचारून घेतलं होतं. दादाने पहिला घास घेतला आणि थांबला. बरं झालंय, म्हणाला, आणि सगळं संपवलं. वहिनी उठून आत गेली. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी त्याला ताट रिकामं करताना पाहिलं नव्हतं.

विमानतळाची गाडी आली तेव्हा तो दारापर्यंत आला. ऑपरेशनची तारीख घेतलीय, असं त्याने सांगितलं, जणू कुठल्या तरी फायलीवर सही केलीय अशा आवाजात. "आता तुझ्या नाचणीला मोकळं केलं." वहिनीने माझा हात घट्ट धरला. जुईने कढीपत्त्याचं एक पिल्लू मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलं होतं.

तर हे असं. ऑपरेशन झालं. आता आठवड्यातून दोनदा तो डायलिसिसला जातो, आणि तिथून आल्यावर दिवसभर झोपून असतो. वहिनी म्हणते, पायाची सूज उतरली, श्वास बरा आहे, म्हणजे जगायला वेळ मिळाला. दादा मात्र काही म्हणत नाही. माझ्या प्रत्येक पोस्टला पहिला अंगठा त्याचा असायचा, तो आता येत नाही. मी वहिनीला विचारलं, ब्लॉग वाचतो का? ती म्हणाली, क्रिकेट बघतो. त्याची शेवटची आशा मी माझ्या हातांनी काढून घेतली. तीच बरोबर गोष्ट होती, यात मला शंका नाही. म्हणून मला रात्री झोप लागते असं मात्र नाही.

कुणी विचारेल, मग तू बदललीस का? नाही. मी आजही नाचणीची भाकरी खाते, जातं आहे, पहिला वेळ स्वयंपाकाचाच आहे. ज्यांची शरीरं अजून ऐकतात त्यांनी आजच सुरू करा, उद्यावर टाकू नका, एवढं मी अजून सांगेन. पण 'अन्न बरं करतं' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे आता हात थांबतो. ज्यांचं काही बिघडलं आहे त्यांनी मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. मला फक्त चांगल्या शरीरांचा स्वयंपाक येतो.

कढीपत्त्याचं रोप मी गच्चीत मोठ्या कुंडीत लावलं. गांडूळखत घातलं, ऊन दिलं, आणि तरी त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. एका रविवारी दादाने आपणहून फोन केला, बऱ्याच दिवसांनी. बोलायला काही नव्हतं म्हणून मी रोपाचं रडगाणं गायले.

"त्याला भाजीच्या पाण्याची सवय आहे," तो म्हणाला. "नुसतं पाणी कसं चालेल त्याला."

फोन ठेवून मी दुधी बारीक चिरला, भिजवला, भरपूर पाण्यात उकळला. पाणी गार होऊ दिलं आणि कुंडीत ओतलं. उरलेला रंग गेलेला दुधी मी पांढऱ्या भाताबरोबर ताटात वाढून घेतला. घड्याळात पाहिलं, दादाची जेवायची वेळ झाली होती. मीही जेवायला बसले, पाण्याची छोटी वाटी शेजारी ठेवून.